मदत हवी आहे: चिंगी कच्चं चिकन खात नाहीये

सायली_के: चिंगीला ड्राय फूडवरून कच्च्या चिकनवर आणायचंय. परवा जुनं एकदम बंद केलं. तेव्हापासून वाटीला तोंड लावत नाहीये. बोनलेसच देतेय. काय करू? पटकन सांगा. 'डॉक्टरकडे जा' सोडून.

डोंगरवेडा: आमच्या लॅब्राडॉर कुत्र्याला वजनाच्या अडीच टक्के देतो, माना-पाय हाडासकट. अजून एक दिवस उपास घडवा, मुकाट खाईल.

पेठकरीण: थांबा! चिंगी कुत्री की मांजर? वय?

सायली_के: मांजर हो! चार वर्षांची, गुबगुबीत.

पेठकरीण: मग उपास अजिबात नको. जाड मांजर दोन-तीन दिवस उपाशी राहिली की चरबी यकृतात साठते, जिवावर बेततं. आत्ताच्या आत्ता जुनं खाणं ठेवा. नंतर चमचा-चमचा मिसळत न्या, निदान आठ-दहा दिवस. आणि नुसतं बोनलेस कायम चालत नाही. मांसात फॉस्फरस भरपूर, कॅल्शियम नावालाच, मग शरीर ते हाडांतून ओढतं. टॉरिन (मांजराला खाण्यातूनच मिळावं लागणारं अमिनो आम्ल) कमी पडलं तर डोळे आणि हृदय दोन्ही जातात.

डोंगरवेडा: वाघाला जंगलात कॅल्शियम कोण मोजून देतं?

पेठकरीण: वाघ बोनलेस खात नाही.

नागपुरी_संत्रं: वाघांचा विषय निघालाच तर, आमच्या नागपूरच्या गोरेवाडा प्राणी बचाव केंद्रात डिसेंबर २०२४ मध्ये तीन वाघ अन् एक बिबट्या बर्ड फ्लूनं गेले. मांजरांनाही होतो. शिजवून द्या न बाप्पा! फ्रीझरमध्ये ठेवून जंतू मरत नाहीत.

माई६२: आमची मनी दूधपोळीवर सोळा वर्षं जगली.

डोंगरवेडा: माई, आणि उंदीर कोण खायचं?

माई६२: ते तिचं ती बघायची.

गोट्या_पाटील: केस गळत असतील तर खोबरेल लावा.

सायली_के: केस गळत नाहीयेत!! ड्राय फूड ठेवलं, खाल्लं थोडं. पण त्यानेच तिला उलट्या होतात, म्हणून तर बदलतेय ना.

पेठकरीण: अहो, हे आधी सांगायचं! किती दिवसांपासून? खाल्ल्या-खाल्ल्या होते की तासांनी? केसांचे गोळे पडतात का? वजन उतरलंय?

सायली_के: महिना झाला असेल. गोळे दिसले नाहीत. वजन कुठे करू?

पेठकरीण: तिला घेऊन वजनकाट्यावर उभ्या राहा, मग आपलं वजा करा. आणि महिनाभर उलट्या म्हणजे डॉक्टरच, रागवा हवं तर.

सायली_के: बरं. उकडताना मीठ घालायचं का?

नागपुरी_संत्रं: नाही. कांदा-लसूण तर मुळीच नको. हाडंही काढा, शिजली की त्यांचे टोकदार तुकडे होतात.

डोंगरवेडा: म्हणूनच कच्ची द्या म्हणत होतो.