मागच्या अंगणातलं वर्कशॉप आणि शेजारची हद्द : तुमचे अनुभव लिहा

आज सकाळी कुंपणापलीकडून शेजारचा मुलगा हाक मारत होता, "काका, गुण्या देता का? खुर्चीचा पाय काटकोनात बसत नाहीये." गुण्या त्याच्या हातात दिला आणि मग बराच वेळ दुसरं काही सुचलं नाही. बारा वर्षांपूर्वी नेमक्या त्याच जागी त्याचे आजोबा उभे होते. मला म्हणाले होते, "इथे एक घमेलंभर काँक्रीट पडू देणार नाही."

सुतारकामासाठी खोली बांधायची होती, तीन मीटर बाय पाच मीटर. आखणी मीच केली. तीन-चार-पाचच्या त्रिकोणाने काटकोन काढले, दोन्ही कर्ण मोजले, दोरी जराही हलवावी लागली नाही. खूप आनंदात होतो. हद्द म्हणजे कुंपण, हे मी धरूनच चाललो होतो.

आजोबांनी टेप आणला, माझ्या पलीकडच्या कोपऱ्यातल्या दगडापासून कुंपणापर्यंत टाकला आणि आकडा वाचला. वीस मीटर दहा सेंटिमीटर. माझ्या कागदावर रुंदी वीस मीटर आहे. म्हणजे दहा सेंटिमीटर त्यांची, असं त्यांचं म्हणणं. मी तिथल्या तिथे आवाज चढवला. तुमचा टेप ताणलेला आहे, डोळ्यांना नीट दिसत नाही, असलं बरंच बोललो. वयाने वडिलांएवढा माणूस.

रात्री टॉर्च घेऊन मी स्वतः मोजलं. माझ्या स्टीलच्या टेपनेही वीस-दहाच आलं. हे मी कुणाला सांगितलं नाही. बायकोलाही नाही. चार महिने दोन्ही घरांचं बोलणं बंद होतं, खणलेल्या पायात पाणी साचलं होतं, आणि तो आकडा माझ्या एकट्याच्या डोक्यात होता.

शेवटी मोजणीदार आजोबांनीच बोलावला. त्याने टेप जमिनीवर टाकलाच नाही. आडवा ताणून धरला, टोकाला ओळंबा सोडला, खूण केली, तिथून पुढचा तुकडा. असा पायरी-पायरीने उतरत कुंपणापाशी आला. वीस मीटर बरोबर. आमची जागा त्या टोकापासून या टोकापर्यंत दोन मीटर उतरते. नकाशातलं अंतर आडवं असतं, आम्ही दोघांनी उतारावरून मोजलं होतं. वीस मीटरला दोन मीटर उतार असला की जमिनीवरून दहा सेंटिमीटर जास्त भरतात. इतकंच होतं ते.

आजोबा म्हणाले, "म्हणजे टेप खोटा नव्हता." मी तेव्हा सांगून टाकलं, की मलाही तोच आकडा आला होता. ते काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी आले आणि म्हणाले, छपराचा उतार माझ्याकडे करू नकोस, पागोळ्यांनी माझी भिंत ओली होते. खरी काळजी ती होती. पहिल्याच दिवशी विचारलं असतं तर त्यांनी सांगितलं असतं. मी उतार फिरवला. आजोबा आता नाहीत.

तुमच्याकडे काय झालं? लिहा.

पाणसळ
पागोळ्यांचं अगदी पटलं. पंधरा चौरस मीटरचं छप्पर आहे तुमचं. पन्नास मिलिमीटर पाऊस झाला की साडेसातशे लिटर पाणी, आणि ते सगळं एका रेषेत, शेजाऱ्याच्या पायाशी. मी पन्हळ लावली होती, पण तिचं तोंड हद्दीच्या कोपऱ्यातच सोडलं होतं. सहा महिने शेजारी ओरडत होते आणि मी सांगत होतो की पन्हळ आहे ना! तिकडे जाऊन त्यांची भिंत बघितली तेव्हा कळलं. पाईप फिरवून माझ्या झाडांकडे नेला.

अंगणातली
रात्री टॉर्च घेऊन मोजणं... वाचून गलबललं. चार महिने कसे काढले असतील तुम्ही.

दोन_बाळांची_आई
मी पलीकडच्या बाजूची. म्हणजे वर्कशॉप शेजाऱ्यांचं, त्रास आम्हाला. हद्दीची एक भिंत सामायिक. मशीनचा रंधा चालू झाला की आमच्या पाळण्याची कडी थरथरायची. आवाजापेक्षा ती थरथर सहन होत नव्हती. भांडायला गेले होते खरं तर. दादांनी मशीन बंद केली, आमच्या घरी आले, भिंतीला हात लावून उभे राहिले आणि बायकोला रंधा चालू करायला सांगितला. स्वतःच्या हाताला जाणवलं तेव्हा म्हणाले, ताई, उद्या बघतो. मशीन भिंतीपासून लांब ओढली, पायांखाली जाड रबर घातलं. निम्म्याहून जास्त फरक पडला. आता दुपारी एक ते चार मशीन लावत नाहीत. बाळ उठ

उठलं. नंतर लिहिते.

सुतारपक्षी
दादा शहाणे. थरथर जमिनीतून आणि भिंतीतून जाते, हवेतला आवाज वेगळा. खिडक्या कितीही बंद करा, मशीन भिंतीला टेकलेली असली की उपयोग शून्य. आणि स्वतःचे कान सांभाळा सगळ्यांनी. 85 डेसिबलला आठ तास चालतात, पुढे दर तीन डेसिबलला वेळ निम्मा. 100 डेसिबलला पाव तास. मशीनचा रंधा तेवढा सहज जातो. मला उजव्या कानाने आता पाखरं ऐकू येत नाहीत. डाव्याने येतात.

जुना_बांध
आमच्याकडे हद्दीचा दगडच सापडत नव्हता. शेजारी म्हणे तुम्ही उपटला, आम्ही म्हणे तुम्ही. दोन्हीकडची म्हातारी माणसं बोटं वेगवेगळीकडे दाखवत होती. मोजणीदार काकांनी आकड्यांवरून जागा काढली आणि खणायला लावलं. दोन हात खाली कोळसा आणि खापऱ्या. दगड गेला तरी खालचं राहतं, म्हणूनच पुरून ठेवतात म्हणे, कोळसा कुजत नाही. मनुस्मृतीसारख्या जुन्या ग्रंथांत सीमाविवाद हे अठरा विवादपदांतलं, म्हणजे खटल्यांच्या प्रकारांतलं एक, आणि त्यात जमिनीखाली लपवायच्या खुणांमध्ये कोळसा, राख, खापऱ्या दिलेल्या आहेत. वाचलं होतं, पण हातात काळा कोळसा घेतल्यावर अंगावर काटा आला. आमच्या दोघांच्या पणजोबांनी मिळून पुरला असणार. शेजारी आणि मी त्या खड्ड्याच्या कडेला बसून राहिलो. वर्कशॉप राहिलंच त्या वर्षी.

पाणसळ
@जुना_बांध कोळसा परत पुरलात ना तिथेच?

जुना_बांध
हो हो, तिथेच. वर नवीन दगड. दोघांनी धरून बसवला, फोटो काढले, मोजणीचा नकाशा दोन्ही घरांत.

एक_वाचक
आमचं मिटलं नाही. शेजारी म्हणजे माझा सख्खा मोठा भाऊ. वाटणीत भिंत कुणाची हे लिहायचं राहिलं, तेवढ्यावरून नऊ वर्षं. वडिलांचा शेगडा, म्हणजे लाकूड आवळून धरायचा, आणि पटाश्या त्याच्या खोलीत आहेत, भिंतीपलीकडे. तो लाकूडकाम करत नाही. गंजत असतील. मी आता आतल्या लहान खोलीत बसून काम करतो. वरचा गुण्याचा प्रसंग वाचून लिहावंसं वाटलं.

अंगणातली
एक_वाचक, शब्द नाहीत. तुमचा पुतण्या-पुतणी कुणी आहे का? कधीकधी मुलं ती भिंत ओलांडतात.

एक_वाचक
पुतणी आहे. बोलते माझ्याशी. बघतो.

सुतारपक्षी
विषय सोडून आहे, पण आतल्या खोलीत काम करता म्हणून घाईने लिहितोय. जवसाचं तेल लावलेल्या चिंध्या गोळा करून कोपऱ्यात टाकू नका. तेल सुकताना उष्णता सुटते, चिंध्यांच्या ढिगात ती अडकते आणि काडी न लावता पेटतात. पसरून बाहेर वाळवा किंवा पाण्याने भरलेल्या पत्र्याच्या डब्यात टाका. आमच्या इथे लाकडाची मांडणी अशीच गेली. आणि मास्क. लाकडाची बारीक धूळ कर्करोगकारक आहे, आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने 1995 मध्येच वर्गीकरण केलंय. झाडू मारू नका, उडते. व्हॅक्यूम लावा.

दोन_बाळांची_आई
आले. सांगायचं राहिलं, दादांनी बाळाला लाकडाचा खुळखुळा करून दिला. सगळ्या कडा घासून गोल. तोच हातात घेऊन उठलाय आत्ता.

धागाकर्ता
सगळं वाचतोय. जुना_बांध, तुमचं वाचून मीही कोपऱ्यातल्या दगडापाशी जाऊन आलो. खणलं नाही, नुसता बघून आलो. एक_वाचक, पुतणीशी बोलणं झालं तर इथे लिहा, किंवा मला वेगळं कळवा. शेगडा गंजला असला तरी जात नाही. रॉकेलमध्ये ठेवून तारेच्या ब्रशने घासला की आटे मोकळे होतात. मी दोन काढलेत असे, लागलं तर येऊन करून देईन.

नवशिका
छान धागा. एक विचारू का, कामाचं टेबल किती उंच करावं? आमच्याकडे अजून शेजारीच नाहीत, प्लॉट मोकळा आहे.

सुतारपक्षी
हाताने रंधा मारणार असाल तर सरळ उभे राहा, हात खाली सोडा, मनगटाची घडी येते तेवढं. बारीक कोरीवकामाला त्याहून बरंच वर लागतं.

पाणसळ
@नवशिका मोकळा प्लॉट आहे तोवरच मोजणी करून घ्या. उतार आहे का जागेला?

नवशिका
आहे थोडा. उद्या ओळंबा घेऊन जातो.