पिंपे बनवण्याची जुनी हातअवजारे कशी ओळखावीत

फ्लॅट ३०४: नमस्कार. आमच्या संग्रहातील चार जुन्या अवजारांची छायाचित्रे वर टाकली आहेत. पहिल्याला अर्धचंद्राकृती लाकडी पाटा आहे आणि त्याखाली करवतीसारखे दातेरी पाते बसवले आहे. १०२ मधील काकांना सुतारकामाची जाण आहे, म्हणून विचारते, की हे नेमके कशासाठी असावे?

फ्लॅट १०२: ही लाकडी पिंपे बनवणाऱ्या कारागिराची अवजारे दिसतात. पिंपाच्या उभ्या फळ्या वर्तुळाकार उभ्या करून पट्ट्यांनी आवळल्यावर तळ आणि झाकण बसवण्यासाठी दोन्ही टोकांना आतून सलग खाच लागते, आणि ती पाडण्याचे काम हे अवजार करते. अर्धचंद्राकृती पाटा फळ्यांच्या टोकांवर टेकवून गोल फिरवला, की पाते काठापासून ठरावीक अंतरावर खाच कोरत जाते. गोंद किंवा खिळा न वापरता पिंपातून द्रव पाझरू द्यायचा नाही, ही अट असल्याने या खाचेची अचूकता फार मोलाची असे.

फ्लॅट ३०४: दुसऱ्यालाही तसाच पाटा आहे, मात्र त्याचे पाते रुंद आणि बाहेरच्या बाजूस गोलसर आहे.

फ्लॅट १०२: या दोहोंत नेहमी गल्लत होते. दुसरे अवजार खाच पाडण्यापूर्वी वापरले जाई. फळ्यांच्या टोकांशी आतील पृष्ठभागावर उंचसखलपणा राहतो, तो काढून उथळ, गुळगुळीत पट्टा तयार करणे हे त्याचे काम. पाट्याच्या आकाराने फसू नये, पाते पाहावे.

फ्लॅट ५०१: तिसरे छायाचित्र साध्या वाकसाचे, म्हणजे लाकूड तासायच्या अवजाराचे आहे, असे माझे मत आहे.

फ्लॅट १०२: ताई, वाकस आहेच, परंतु साधा नव्हे. त्याचा दांडा आखूड आहे, पाते आत चांगलेच वळलेले आहे आणि मागच्या बाजूला हातोडीसारखे डोके आहे. पिंपाच्या काठाला आतून उतार द्यायचा, तर अवजार तोंडाच्या मर्यादित जागेतच फिरवावे लागते, आणि लांब दांड्याच्या वाकसाला ते जमणार नाही. एकूणच पिंपाच्या कामात सरळ रेषा विरळाच, त्यामुळे साधा रंधा तिथे फारसा चालत नाही. फळ्यांची टोके समपातळीत आणणारा रंधादेखील वरून पाहिल्यास विळ्यासारखा वाकलेला असतो. अपवाद फळ्यांच्या कडा जुळवणाऱ्या लांब रंध्याचा. तो सुमारे पाच-सहा फूट लांब असून पाते वर करून तिरका उभा ठेवतात आणि फळीच त्यावरून सरकवतात. रंधा स्थिर आणि लाकूड चालते, हा उलटा प्रकार मला तरी फार आवडतो.

फ्लॅट ५०१: पटले, काका. मी केवळ पात्याकडे पाहून बोलले.

फ्लॅट ३०४: चौथे लोखंडी पाचरीसारखे आहे. ते बोथट झाले आहे आणि त्याच्या टोकाला उथळ खोबण दिसते. गंज काढून त्याला धार लावून घ्यावी का?

फ्लॅट १०२: धार मुळीच लावू नये, ते कापण्याचे अवजार नाही. ती खोबण पिंप आवळणाऱ्या पट्ट्याच्या काठावर टेकवून वरून हातोड्याचे घाव घालतात आणि पिंपाभोवती थोडे थोडे सरकत पट्टा मधल्या फुगवट्याकडे ठोकत नेतात. धार लावली तर खोबण जाईल आणि ओळखीची एकमेव खूणही राहणार नाही. गंज मऊ फडक्याने आणि थोड्या तेलाने पुसावा, पॉलिश पेपर वापरू नये, कारण लोखंडावर निर्मात्याचा ठसा असल्यास तो घासून जाईल. ठसा सापडल्यास जवळून घेतलेले छायाचित्र कृपया इथेच टाकावे.