मदत हवी आहे: एपिस्टो माशांची जोडी की दोन्ही नरच?

नमस्कार मंडळी. कुर्ल्याहून एपिस्टोग्रामा कॅकाटुऑइड्स (एपिस्टो) या छोट्या शोभेच्या माशाची 'जोडी' आणली आहे. जात तीच असावी: मोठ्याच्या पाठीवरच्या परातले (फिनमधले) पुढचे काटे कोंबड्याच्या तुऱ्यासारखे उभे आहेत आणि शेपटीला दोन टोकं आहेत. अगासिझाय (एपिस्टोचीच दुसरी जात) असता तर शेपटी मधोमध एकाच टोकाला निमुळती झाली असती.

घोळ छोट्याचा आहे. दुकानात तो राखाडी होता, आता लिंबासारखा पिवळा झालाय. पोटाखालच्या परांची पुढची कडा काळी आहे. म्हणजे मादी, असं म्हणून मी खूश. पण काल टॉर्च मारून पाहिलं तर पाठीवरचा दुसरा-तिसरा काटा किंचित लांब वाटला, आणि शेपटीच्या वरच्या कोपऱ्यात नारिंगी ठिपका आहे. मोठ्या नरापुढे दबलेले नर मादीचा रंग घेऊन फिरतात म्हणे, शिवाय पिल्लं गरम पाण्यात वाढली की नर जास्त निघतात. दुकानदाराला विचारलं तर "पेअरच आहे साहेब", विषय संपला.

टाकी दोन फुटी, तळाला बारीक वाळू, देशी बदामाची पानं, स्पंज फिल्टर, तापमान २७. नारळाच्या करवंट्या दोन, पण छोटा एकीतच बसून असतो आणि मोठा जवळ आला की अंगावर धावतो. करवंटीत अंडी दिसत नाहीत, पण छताला चिकटवली असतील तर दिसणार कशी?

करवंटी उचलून बघू का, की तसं केलं तर मासेच अंडी खाऊन टाकतील? आणि दोन्ही नर निघाले तर या टाकीत दोन-तीन माद्या सोडून भागेल, की एकाला हलवावंच लागेल? फोटो कमेंटमध्ये टाकतो.