गावाची स्वयंसेवी बचाव बोट: बोट मिळतेय, पण पुढची दहा वर्षं चालवायची कशी?

खाडीकाठ

नमस्कार मंडळी. रत्नागिरी जिल्ह्याच्या उत्तरेला आमचं गाव. खाडीचं मुख, बाजूला लांबलचक पुळण, साठेक मच्छीमार होड्या आणि सुट्ट्यांत पर्यटकांची गर्दी. कुणी बुडायला लागलं किंवा होडी बंद पडली की जो नाखवा जवळ असेल तो धावतो, एवढीच सध्याची व्यवस्था. आता गावातल्या वीस जणांनी मिळून स्वयंसेवी बचाव पथक उभं करायचं ठरवलंय. एक कंपनी सीएसआरमधून (कंपन्यांच्या सामाजिक जबाबदारीच्या निधीतून) ५.८ मीटरची रिब बोट (कडक तळ, कडांना हवेचे फुगे) आणि ६० अश्वशक्तीचं एक आउटबोर्ड इंजिन (बोटीच्या मागे बाहेरून लावायचं) द्यायला तयार आहे.

बोट अशीच घ्यावी की काही अटी घालाव्यात? वीस माणसं पुरतात का? वर्षाचा खर्च किती धरायचा आणि तो दरवर्षी आणायचा कुठून? परवानग्या कुणाकुणाच्या? ज्यांना या कामातलं कळतं त्यांनी स्पष्ट सांगावं, कडू असलं तरी चालेल.

उधाण

बोटीचं नंतर, आधी माणसांचं बघा. बोटीवर तिघं लागतात: एक सुकाणूवर, एक पाण्यातल्या माणसाला धरायला, एक रेडिओ, दोर आणि नजर सांभाळायला. किनाऱ्यावर आणखी दोन, बोट ओढणाऱ्या ट्रॅक्टरला एक आणि रेडिओला एक. म्हणजे एका फेरीला पाच. तुमच्या वीसपैकी मंगळवारी सकाळी अकरा वाजता गावात किती असतात? मच्छीमार तेव्हा समुद्रात, नोकरदार दापोली-चिपळूणला. मुंबईहून शनिवार-रविवार येणाऱ्यांना यादीत धरूच नका. दुकानदार, रिक्षावाले, शाळेचे शिक्षक, निवृत्त खलाशी, घरी असणाऱ्या बायका, यांच्यातून पथक उभं राहतं. रेडिओची जागा बायकांनी सांभाळली तर तुमचा अर्धा पेच तिथेच सुटेल, आणि बोटीवरही त्यांना शिकवा.

एक तक्ता करा. आठवड्याचे सात दिवस, दिवसाचे तीन भाग, असे २१ खण. आपण कुठल्या खणात दहा मिनिटांत बोटीच्या शेडवर पोहोचू शकतो ते प्रत्येकानं भरायचं. ज्या खणात सात नावं नाहीत त्या वेळेला सेवा बंद, आणि तसं तटरक्षक दलाला, सागरी पोलीस ठाण्याला आणि ग्रामपंचायतीला लेखी कळवायचं. लोकांना वाटतं बोट आहे म्हणजे कुणीतरी जाईल, मग नाखवेही थांबतात. त्यात माणूस जातो.

बोट पाठवायचा निर्णय बोटीवर बसणाऱ्यांकडे ठेवू नका. किनाऱ्यावरच्या तीन-चार वयस्क, अनुभवी माणसांची नावं ठरवा. त्यातल्या एकानं 'सोडा' म्हटल्याशिवाय बोट हलणार नाही. आणि त्यानं 'सोडा' म्हटलं तरी तांडेल (सुकाणूवरचा) 'नाही' म्हणाला, तर नाही. बुडणाऱ्याचा भाऊ शेडच्या दारात रडत उभा असतो तेव्हा हा नियम नव्यानं ठरवता येत नाही.

मर्यादाही कागदावर घ्या. खाडीच्या मुखावर वाळू साठलेली असते. ओहोटीचं पाणी बाहेर येतंय आणि समोरून नैऋत्येची लाट येतेय, अशा वेळी तिथे लाट उभी राहून फुटते आणि ६ मीटरची बोट शेपटाकडून उचलून पालथी घालते. मुख ओलांडायचं ते निम्म्या भरतीनंतर, उधाणाच्या ओहोटीत अजिबात नाही. जून ते ऑगस्ट या बोटीनं मुखाबाहेर जायचंच नाही असं माझं ठाम मत आहे. पण पर्यटक पावसाळ्यातही बुडतात, आणि ते किनाऱ्यापासून तीस-चाळीस मीटरवर. तेव्हा त्या तीन महिन्यांत पथक पुळणीवर हवं: १५ ते २० मीटर दोराच्या फेकपिशव्या, रेस्क्यू ट्यूब (बुडणाऱ्याला धरायला तरंगती नळी), पट्टीचे पोहणारे. दक्षिण आफ्रिकेच्या एनएसआरआय या स्वयंसेवी संस्थेनं २०१७ पासून किनाऱ्यांवर खांबांना गुलाबी तरंगी रिंगा टांगल्या आहेत, कारण वाचवायला उडी मारणाराच बुडतो. बोटीआधी हे करा. पैसे फार कमी लागतात.

निरोपाची साखळी: भारतात सागरी शोध-बचावाचा समन्वय तटरक्षक दलाकडे आहे, आपल्या बाजूला मुंबईच्या केंद्राकडून. १५५४ हा त्यांचा निःशुल्क क्रमांक. बोट सुटण्याआधी तिथे फोन गेलाच पाहिजे. परत आल्यावर 'आलो' हेही कळवायचं, नाहीतर तुमचाच शोध सुरू होईल.

ग्रीस_आणि_मीठ

बोट घ्या, पण चार गोष्टी लेखी मागून घ्या.

कडांच्या फुग्यांचं कापड हायपालॉन (कृत्रिम रबराचं) हवं. पीव्हीसी स्वस्त पडतं, पण कोकणातल्या उन्हात त्याचे सांधे सुटतात. हायपालॉन असलं तरी बोट सावलीत, शेडमध्येच. सकाळी गार हवेत गच्च भरलेला फुगा दुपारी उन्हात फुगून सांध्यांवर ताण आणतो, म्हणून उन्हात ठेवायची वेळ आली तर थोडी हवा सोडा आणि पाण्यात घालण्याआधी पुन्हा दाब तपासा.

दुसरं, ट्रेलर गॅल्व्हनाइज्ड (जस्ताचा मुलामा दिलेला). बोटीआधी ट्रेलरच जातो. बेअरिंग गरम असताना खाऱ्या पाण्यात शिरलं की आत पाणी ओढून घेतं, महिनाभरात गंज. दर वेळी गोड्या पाण्यानं धुवायचं, ग्रीस पंपानं जुनं ग्रीस बाहेर येईपर्यंत नवं भरायचं, आणि एक पूर्ण बेअरिंग संच शेडमध्ये ठेवायचा.

तिसरं, पालथी पडल्यावरचा विचार. मागच्या कमानीवर हवेची पिशवी असेल तर ती फुगवून बोट सुलटी करता येते. ब्रिटनच्या आरएनएलआय या स्वयंसेवी बचाव संस्थेच्या अटलांटिक ८५ बोटींना ती असते, त्यांच्या ५ मीटरच्या डी क्लास बोटी मात्र माणसांनीच सुलट्या करायच्या असतात. तुमच्या बोटीला पिशवी नसेल तर खाडीत शांत पाण्यात, इंजिन काढून, वजन बांधून, दोरानं बोट सुलटी करायचा सराव दर सहा महिन्यांनी करा. बुडालेलं फोर-स्ट्रोक इंजिन तासाभरात हाती घेतलं तरच वाचतं: गोड्या पाण्यानं धुवा, स्पार्क प्लग काढा, हातानं फिरवून सिलिंडरमधलं पाणी बाहेर काढा, सिलिंडरमध्ये तेल सोडा, इंजिन ऑइल पांढरं दिसायचं थांबेपर्यंत दोन-तीनदा बदला, मगच चालू करा.

चौथं, सुट्या भागांची पेटी बोटीबरोबरच मागा: पंखा, इंपेलर (थंड करणारं पाणी खेचणारं रबरी चक्र), प्लग, इंधन फिल्टर, दोन किल कॉर्ड (चालवणारा पडला की इंजिन बंद करणारी दोरी). इंपेलर दरवर्षी बदला, चांगला दिसला तरी. गिअर ऑइल दुधाळ आलं की सील गेलं. इंजिनाऐवजी स्वतः गंजणारे जस्ताचे तुकडे (अॅनोड) निम्मे झिजले की नवे. फेरीनंतर दहा मिनिटं गोडं पाणी फिरवायचं, रात्री दोन वाजले असले तरी.

पेट्रोलकडे लक्ष द्या. बहुतेक आउटबोर्ड बनवणारे १० टक्क्यांपर्यंतच इथेनॉल चालतं म्हणतात आणि पंपावर आता २० टक्क्यांचं मिळतं. तुमच्या मॉडेलला ते चालतं का, हे कंपनीकडून लेखी घ्या. इथेनॉल दमट हवेतलं पाणी ओढतं, ते पाणी टाकीच्या तळाशी बसतं, आणि इंजिन नेमकं लाटेवर आपटल्यावर बंद पडतं. पाणी वेगळं करणारा फिल्टर लावा, त्याची वाटी दर आठवड्याला उघडून बघा, टाकी नेहमी भरलेली ठेवा, महिन्याहून जुनं पेट्रोल सरावात जाळून टाका.

किल कॉर्ड मांडीला, मनगटाला नाही. आपोआप फुगणाऱ्या जॅकेटमधली विरघळणारी गोळी पावसाळ्याच्या दमट हवेनं शेडमध्येच विरघळते आणि जॅकेट खुंटीवर फुगतं. वायूची नळकांडी सोनाराच्या काट्यावर तोला, किमान वजन नळकांड्यावर कोरलेलं असतं. एक ग्रॅम कमी भरलं तरी बाद.

एकच इंजिन असल्यानं तीन सागरी मैलांपलीकडे एकट्यानं जाऊ नका. एखादी मच्छीमार होडी सोबत हवी. बोटीत नांगर, वल्ही आणि पंख्यात अडकलेलं जाळं कापायला दातेरी सुरी कायम.

पश्चिम_घड्याळ

इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरून लिहितोय, म्हणून पैशाबद्दल इथलं सांगतो. आरएनएलआय १८२४ मध्ये स्थापन झाली, आज ब्रिटन आणि आयर्लंडमध्ये तिची सव्वादोनशेहून जास्त बचाव केंद्रं आहेत, आणि बोटीवरची बहुतेक माणसं बिनपगारी. बोट मागवतो सरकारी कोस्टगार्ड, पण खर्च मुख्यतः लोकांच्या देणगीतून. १८५४ ते १८६९ या काळात संस्थेनं सरकारी अनुदान घेऊन पाहिलं आणि मग सोडून दिलं. १८८६ च्या डिसेंबरात मेक्सिको नावाच्या जहाजाच्या मदतीला गेलेल्या दोन बोटींवरचे २७ जण बुडाले. त्यांच्या कुटुंबांसाठी पैसे जमवताना लक्षात आलं की संस्थेचा डोलारा मोजक्या श्रीमंतांवर उभा आहे. १८९१ मध्ये मँचेस्टरला, समुद्रापासून दूरच्या गिरणी शहरात, रस्त्यावर मिरवणूक काढून सामान्य माणसांकडून पैसे गोळा केले. तिथून पाया रुंदावला. आज उत्पन्नाचा सर्वांत मोठा वाटा मृत्युपत्रांतून येतो.

जर्मनीची अशीच बचाव संस्था १८७५ पासून दुकानांत छोट्या होडीच्या आकाराच्या दानपेट्या ठेवते. नेदरलँड्सचीही देणगीदारांवर चालते.

तुमचं मँचेस्टर म्हणजे मुंबई. गावातून लालबाग, विरार, डोंबिवलीला गेलेली घरं मोजा. ३०० घरांनी महिन्याला १०० रुपये बँकेतून आपोआप वळते केले तर वर्षाला ३ लाख ६० हजार. एकदाच मिळणाऱ्या मोठ्या देणगीपेक्षा याचं मोल जास्त, कारण पुढच्या वर्षीही ते येणार हे आज माहीत असतं. गणपतीत सगळे गावी असतात, तेव्हाच फॉर्म भरून घ्या, आणि नारळी पौर्णिमेला बोट सगळ्यांना जवळून दाखवा. दानपेटीला क्रमांकाचं सील, उघडताना दोन माणसं, रक्कम तिथल्या तिथे फळ्यावर.

जमाखर्च

आकडे मांडू. ६० अश्वशक्तीचं इंजिन पूर्ण वेगात ताशी २० ते २२ लिटर पितं, सरावात सरासरी ११ धरा. आठवड्याला दोन तास सराव, पावसाळ्याचे तीन महिने वगळून वर्षाला साधारण ८५० लिटर. महिन्याला दोन फेऱ्या, दीड तासाची एक, ताशी १८ लिटर: ६५० लिटर. एकूण १,५०० लिटर, लिटरला १०५ रुपये धरले तर सुमारे १ लाख ५८ हजार. विमा, सर्व्हिसिंग, वीज, प्रशिक्षण वेगळं. शिवाय झीज निधी: इंजिन, जॅकेट, फुगे यांची आजची किंमत घ्या, दहाने भागा, तेवढी रक्कम दरवर्षी वेगळ्या खात्यात. हे खातं मोडायला सगळ्या विश्वस्तांच्या सह्या लागतील असा ठराव करा. पथकं बंद पडतात ती पहिल्या वर्षी नाही, इंजिन संपतं त्या वर्षी.

महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० खाली ट्रस्ट नोंदवा, मग आयकराची नोंदणी आणि ८०जी (देणगीदाराला करसवलत देणारी), मग सीएसआर क्रमांकासाठी सीएसआर-१ अर्ज. सीएसआर क्रमांक नसेल तर कंपनीला तुमच्यामार्फत पैसे खर्चच करता येत नाहीत. कंपनीला सांगा की नुसती बोट नको, 'चालू प्रकल्प' करा. सुरुवातीचं वर्ष सोडून पुढची तीन आर्थिक वर्षं त्यात बसतात, म्हणजे इंधन आणि प्रशिक्षण पहिली तीन-चार वर्षं सुटतं. बोट ट्रस्टच्या नावावर हवी, सरपंचांच्या किंवा कंपनीच्या व्यवस्थापकाच्या नाही.

२,००० रुपयांवर रोख देणगीला देणाऱ्याला ८०जीची सवलत मिळत नाही. परदेशातल्या गाववाल्याकडे भारतीय पासपोर्ट असेल तर बँकेतून आलेली त्याची देणगी चालते. पासपोर्ट परदेशी झाला असेल तर एफसीआरए (परदेशी देणगी कायद्याखालची नोंदणी) लागतं, आणि त्या नोंदणीला तीन वर्षांचं काम आणि १५ लाखांचा खर्च दाखवावा लागतो. 'आपलाच माणूस' म्हणून घेऊ नका.

बोटीची नोंदणी मेरीटाईम बोर्डाच्या बंदर निरीक्षकाकडे विचारा. मासेमारी नौका म्हणून नोंदवू नका. व्हीएचएफला (सागरी रेडिओला) दूरसंचार विभागाचा परवाना लागतो. गट अपघात विम्यात 'समुद्रातील बचावकार्य' हे शब्द छापून घ्या, साहसी जलक्रीडेच्या वगळणीत दावा अडकतो.

खाडीकाठ

सगळ्यांचे मनापासून आभार. २१ खणांचा तक्ता उद्याच लावतो, रिंगांचं काम बोटीआधी घेतो. दोन शंका. शेडवर व्हीएचएफची काठी (अँटेना) किती उंच हवी? आणि नाखवे आत्ताच विचारताहेत, इंजिन बंद पडलं तर ओढून आणणार का, आणि पैसे घेणार का?

उधाण

काठी: अँटेनाची मीटरमधली उंची, तिचं वर्गमूळ, गुणिले २.२, इतके सागरी मैल एका बाजूचे. शेडवर १६ मीटर आणि बोटीवर २ मीटर असेल तर सुमारे १२ मैल. मागे टेकडी असेल तर तिच्यावर लावा, पण केबल जितकी लांब तितकी ताकद वाटेत जाते, म्हणून रेडिओ अँटेनाजवळ ठेवा.

पैसे घ्यायचे नाहीत, डिझेल म्हणूनही नाही. पैसे लागतील या भीतीनं माणूस उशिरा हाक मारतो आणि तोवर अंधार झालेला असतो. ओढण्याचं असं ठरवा: माणसांना धोका असेल तर जाऊ. होडी नांगरावर सुरक्षित असेल तर दुसरा नाखवा येईपर्यंत थांबायचं.

ओढायचा दोर नायलॉनचा, १४ ते १६ मिलिमीटर, निदान ५० मीटर. मागच्या दोन्ही कड्यांना व्ही आकारात बांधायचा, इंजिनाला कधीच नाही. लांबी अशी सोडायची की दोन्ही बोटी एकाच वेळी लाटेच्या माथ्यावर येतील, नाहीतर दोर झटके देतो. नायलॉन बुडतं, म्हणून ढिला पडला की पंख्याकडे जातो. एकानं तेवढंच बघायचं, सुरी हातात. दोराच्या रेषेत कुणी बसायचं नाही. मोठा ट्रॉलर ६० अश्वशक्तीनं ओढायच्या फंदात पडू नका. त्याचा नांगर टाकायला लावा, तोंड लाटेकडे राहील, माणसं उतरवून आणा आणि ट्रॉलरची जागा १५५४ ला कळवा.