हेन्री क्लेच्या कारकिर्दीच्या तारखा जुळवायच्या कशा?

पार्लेकर

नमस्कार मंडळी. पार्ल्यातल्या एका वाचनालयात 'राष्ट्राध्यक्ष होता होता राहिलेले' अशी तीन व्याख्यानं ठरली आहेत. क्ले, वेब्स्टर आणि कॅल्हून, एकोणिसाव्या शतकातले तीन अमेरिकन पुढारी. सुरुवात हेन्री क्लेपासून. श्रोत्यांच्या हातात द्यायला एका पानाचा तक्ता करायला घेतला आणि तिथेच गाडं अडलं.

क्लेचा जन्म 12 एप्रिल 1777 चा. 1806 साली तो सिनेटर झाला म्हणतात, म्हणजे वय 29. सिनेटरला तर 30 वर्षं पूर्ण लागतात ना? पुढे तो प्रतिनिधिगृहाचा सदस्य 4 मार्च 1811 पासून आणि स्पीकर 4 नोव्हेंबर 1811 पासून. मधले आठ महिने सभागृह कोण चालवत होतं? एका ठिकाणी तर सदस्यत्वाची तारीख 3 एप्रिल 1811 अशी मिळाली. 1815 च्या नोंदीत 'स्वतःच्याच रिकाम्या जागेवर पोटनिवडणुकीत विजयी' असं आहे, ती छपाईची चूक समजू का? आणि 1824 च्या राष्ट्राध्यक्षपदाच्या निवडणुकीत तो चौथा आला हे माहीत आहे, पण नेमका किती मतांनी हुकला हे दोन ओळींत सांगता येईल का?

गिरगावकर

आधी 3 एप्रिलचा निकाल लावू. ती तारीख 3/4/1811 अशी लिहिलेली असणार. अमेरिकन माणूस महिना आधी लिहितो, म्हणजे ती 4 मार्चच. आपण दिवस आधी वाचतो आणि फसतो. एकोणिसाव्या शतकातल्या प्रत्येक अमेरिकन पुढाऱ्याच्या चरित्रात 4 मार्च येतोच, त्यामुळे 3 एप्रिल दिसला की ओळखायचं, कोणीतरी उलटं वाचलंय.

आता आठ महिन्यांचा घोळ. त्या काळी काँग्रेसची, म्हणजे अमेरिकन संसदेची, मुदत 4 मार्चला सुरू व्हायची आणि दोन वर्षांनी 3 मार्चला संपायची. पण राज्यघटनेनुसार नियमित अधिवेशन डिसेंबरच्या पहिल्या सोमवारी. म्हणजे मार्चमध्ये सदस्यत्व सुरू, पण सभागृह भरतच नाही. आधीचा स्पीकर जोसेफ व्हार्नम याची मुदत 3 मार्च 1811 ला संपली आणि पुढचा निवडायला सभागृह भरावं लागतं. मधल्या काळात स्पीकर कोणीच नव्हता. 1811 साली ब्रिटनशी तणाव वाढल्यामुळे राष्ट्राध्यक्ष मॅडिसनने अधिवेशन महिनाभर आधी, 4 नोव्हेंबरला बोलावलं आणि क्ले पहिल्याच दिवशी स्पीकर झाला. प्रतिनिधिगृहातला त्याचा तो पहिलाच दिवस, हे तक्त्यात ठळक करा.

ही 4 मार्चची पद्धत 1933 च्या विसाव्या घटनादुरुस्तीने मोडली. त्यानंतर काँग्रेससाठी 3 जानेवारी आणि राष्ट्राध्यक्षासाठी 20 जानेवारी. 1933 च्या आधीच्या कोणाच्याही नावापुढे 20 जानेवारी दिसला तर तो तक्ता बाजूला ठेवा.

माझं ऐकाल तर प्रत्येक पदापुढे तीन रकाने करा: निवड कधी, मुदत कधीपासून, काम प्रत्यक्ष कधी सुरू. तीन चरित्रांत तीन वेगळ्या तारखा दिसतात त्या बहुतेक वेळा या तीन रकान्यांतल्याच असतात आणि तिन्ही बरोबर असतात.

माहीम_कॉजवे

29 वर्षांचं कोडं खरं आहे. त्यात तारखेची चूक नाही. केंटकीच्या जॉन अडेअरने सिनेटचा राजीनामा दिला, उरलेल्या मुदतीसाठी विधिमंडळाने क्लेला पाठवलं. मुदत 19 नोव्हेंबर 1806 ते 3 मार्च 1807. गंमत अशी की 12 एप्रिल 1807 ला तो 30 चा झाला, तेव्हा ही मुदत संपूनही महिना उलटला होता. म्हणजे त्या खेपेला तो एक दिवसही पात्र नव्हता.

मग चाललं कसं? सदस्याची पात्रता तपासायचा अधिकार त्या त्या सभागृहाचाच आहे. कोणी हरकत घेतली तर तपासणी. क्लेच्या बाबतीत कोणी घेतली नाही. 1818 मध्ये टेनेसीचा जॉन ईटन तर 28 व्या वर्षी येऊन बसला. उलट 1934 मध्ये निवडून आलेल्या वेस्ट व्हर्जिनियाच्या रश होल्टला 30 पूर्ण होईपर्यंत जून 1935 पर्यंत थांबावं लागलं. तोवर नियम कडक पाळला जाऊ लागला होता.

दुसरं, तक्त्यात 'सिनेटची निवडणूक जिंकला' असं लिहू नका. 1913 च्या सतराव्या घटनादुरुस्तीपर्यंत सिनेटर राज्याचं विधिमंडळ निवडायचं, आपल्या विधानभवनात आमदार राज्यसभेवर खासदार पाठवतात तसं. फरक एवढाच की आपल्याकडे अनेक जागा एकदम, पसंतीक्रमाने भरतात. तिकडे एका वेळी एक जागा आणि बहुमत, त्यामुळे कोंडी व्हायची. डेलावेअरच्या दोन्ही जागा 1901 ते 1903 रिकाम्या होत्या, कारण विधिमंडळात एकमतच होईना.

लिंकनबद्दलही हीच चूक सर्रास होते. 1858 मध्ये डग्लसबरोबर सात जाहीर वादविवाद झाले, पण जनतेने थेट त्या दोघांपैकी कोणालाच मत दिलं नाही. मतं पडली इलिनॉयच्या आमदारांसाठी, आणि त्या आमदारांनी 5 जानेवारी 1859 ला डग्लसला 54 विरुद्ध 46 ने निवडलं. म्हणजे 'लिंकन 1858 ला हरला' हे वर्षसुद्धा धड नाही.

गिरगावकर

1815 ची नोंद राहिली. छपाई बरोबर आहे. ब्रिटनशी तहाची बोलणी करायला जाण्यासाठी क्लेने 19 जानेवारी 1814 ला स्पीकरपद आणि सदस्यत्व दोन्ही सोडलं. घेंटचा तह 24 डिसेंबर 1814 ला झाला. तो परदेशात असतानाच मतदारांनी त्याला पुढच्या काँग्रेसवर निवडून दिलं होतं. पण तहानंतर तो लंडनला व्यापारी कराराच्या बोलण्यांसाठी सरकारी दूत म्हणून राहिला, आणि सरकारी पद व सदस्यत्व एकत्र चालत नाही. केंटकीच्या गव्हर्नरने त्याची जागा रिकामी जाहीर केली. परतल्यावर पोटनिवडणुकीत तोच उभा राहिला आणि तोच आला. सदस्यत्वाची तारीख म्हणून काही ठिकाणी 30 ऑक्टोबर 1815 मिळते, ती इथून. 4 डिसेंबरला पुन्हा स्पीकर.

त्याच्या स्पीकरपदाचे तुकडे तीन पडतात: नोव्हेंबर 1811 ते जानेवारी 1814, डिसेंबर 1815 ते 28 ऑक्टोबर 1820, डिसेंबर 1823 ते 3 मार्च 1825. निवड मात्र सहा वेळा झाली, कारण दर काँग्रेसला नव्याने होते. 'तीनदा' आणि 'सहादा' दोन्ही छापलेलं सापडेल, गोंधळू नका. 1820 ला त्याने फक्त स्पीकरपद सोडलं. खासगी कर्ज फार झालं होतं आणि वकिलीकडे बघणं भाग होतं. सदस्य तो 3 मार्च 1821 पर्यंत होता आणि मिसुरीला राज्य म्हणून प्रवेश देण्याची दुसरी तडजोड त्याने साध्या सदस्याच्या बाकावरून घडवली.

लालबाग_लायब्ररी

1824 चं गणित दोन ओळींत बसवाल तर त्यातली मजाच जाईल, म्हणून थोडं सविस्तर.

राष्ट्राध्यक्षाला मत देतात ते राज्यांनी नेमलेले इलेक्टर. एकूण इलेक्टर 261, बहुमत 131. जॅक्सन 99, अ‍ॅडम्स 84, क्रॉफर्ड 41, क्ले 37. बहुमत कोणालाच नाही, म्हणून बाराव्या घटनादुरुस्तीनुसार निर्णय प्रतिनिधिगृहाकडे, पण फक्त पहिल्या तिघांमधून. क्लेची खरी लढत इथे जॅक्सनशी नव्हतीच, तिसऱ्या नंबरसाठी क्रॉफर्डशी होती.

क्लेची 37 मतं अशी: ओहायो 16, केंटकी 14, न्यूयॉर्क 4, मिसुरी 3. आता लुइझियाना बघा. तिथे इलेक्टर विधिमंडळ निवडायचं. क्लेचा जोर होता, पण जॅक्सन आणि अ‍ॅडम्सवाले एकत्र आले आणि पाचही इलेक्टर आपसांत वाटून घेतले, 3 आणि 2. क्लेला शून्य. ते पाच मिळाले असते तर क्ले 42, क्रॉफर्ड 41. एका मताने तिसरा! आणि ज्या सभागृहात निकाल लागायचा होता त्याचा स्पीकर क्ले स्वतः. ओळखीपाळखी, वजन, सगळं तिथेच.

प्रतिनिधिगृहात सदस्यागणिक मत मोजलं गेलं नाही, राज्यागणिक एक. राज्यं 24, लागणार 13. 9 फेब्रुवारी 1825 ला पहिल्याच फेरीत अ‍ॅडम्स 13, जॅक्सन 7, क्रॉफर्ड 4. अ‍ॅडम्सच्या 13 मध्ये ओहायो, केंटकी आणि मिसुरी ही क्लेची तिन्ही राज्यं होती. केंटकीच्या विधिमंडळाने तर जॅक्सनला मत द्या असा ठराव पाठवला होता, तरी तिथल्या सदस्यांनी 8 विरुद्ध 4 ने अ‍ॅडम्सला दिलं. मग अ‍ॅडम्सने क्लेला परराष्ट्रमंत्री केलं आणि 'भ्रष्ट सौदा' ही आरोळी उठली ती क्लेच्या मरणापर्यंत. सौद्याचा पुरावा आजवर कोणाला दाखवता आलेला नाही. पण तोवर मॅडिसन, मन्रो, अ‍ॅडम्स असे लागोपाठ तीन राष्ट्राध्यक्ष त्याच खुर्चीतून वर गेले होते. क्लेसारख्या मुरलेल्या माणसाला ते पद स्वीकारल्यावर काय बोललं जाईल हे कळलं नाही, याचं मला नवल वाटतं.

जाता जाता: क्ले स्पीकर 3 मार्च 1825 पर्यंत, सदस्य 6 मार्चपर्यंत, मंत्री 7 मार्चपासून. मधले तीन दिवस चुकीचे नाहीत. तो पुढच्या काँग्रेसवरही निवडून आला होता, त्या सदस्यत्वाचा राजीनामा 6 तारखेचा.

पार्लेकर

मनापासून आभार, एक पान पुरणार नाही असं दिसतंय. 1844 बद्दल 'न्यूयॉर्कमुळे हरला' असं वाचलं. तेही असंच काठावरचं का? आणि वेब्स्टर, कॅल्हून करताना कुठे जपू?

लालबाग_लायब्ररी

हो, पण नीट मांडा. पोल्क 170, क्ले 105. न्यूयॉर्कचे 36 इकडचे तिकडे केले की क्ले 141, पोल्क 134, आणि बहुमताला लागायचे 138. तिथे क्ले सुमारे 5,100 मतांनी मागे पडला आणि गुलामगिरीविरोधी लिबर्टी पक्षाच्या बर्नीने सुमारे 15,800 मतं घेतली. म्हणून 'बर्नीने पाडलं' म्हणतात. बर्नीचे सगळे मतदार क्लेकडे आले असते असं धरायची गरज नाही. बाकीचे घरी बसले असते तरी एक तृतीयांश पुरे होते. हे मतदार क्लेपासून दूर का गेले? टेक्सास अमेरिकेत सामील करण्याला क्लेचा आधी विरोध होता. जुलैमध्ये दक्षिणेची नाराजी टाळायला त्याने अलाबामात पत्रं पाठवून सूर मऊ केला. दक्षिण फारशी वळली नाही, उत्तरेतले गुलामगिरीविरोधक मात्र बिथरले.

उमेदवार तीनदा: 1824, 1832, 1844. 1840 आणि 1848 ला त्याला उमेदवारी हवी होती, पक्षाने हॅरिसन आणि टेलर हे सेनानी उभे केले आणि दोघेही निवडून आले. क्लेच्या पक्षाने जिंकलेल्या दोन्ही निवडणुकांत क्ले उमेदवार नव्हता.

माहीम_कॉजवे

वेब्स्टरच्या बाबतीत राज्य तपासा. 1813 ते 1817 तो न्यू हॅम्पशायरचा प्रतिनिधी, 1823 पासून मॅसॅच्युसेट्सचा. लोक पहिली चार वर्षं विसरतात. परराष्ट्रमंत्रीही दोनदा, 1841 ते 43 आणि 1850 ते मृत्यूपर्यंत, म्हणजे 24 ऑक्टोबर 1852. सप्टेंबर 1841 मध्ये राष्ट्राध्यक्ष टायलरच्या बाकी सगळ्या मंत्र्यांनी राजीनामे दिले तरी हा राहिला, कारण ब्रिटनशी मेनच्या सीमेचा तंटा मिटवायचा होता. तो करार ऑगस्ट 1842 चा.

कॅल्हूनने उपराष्ट्राध्यक्षपद 28 डिसेंबर 1832 ला सोडलं. 'जॅक्सनशी भांडून पद लाथाडलं' असं भाषणात छान वाजतं, पण मुदत 3 मार्च 1833 पर्यंतच होती आणि पुढचा उपराष्ट्राध्यक्ष व्हॅन ब्युरन नोव्हेंबरातच निवडून आला होता. जेमतेम नऊ आठवडे उरले होते. साउथ कॅरोलायनाने आपला सिनेटर हेन याला गव्हर्नर केल्यामुळे सिनेटची जागा मोकळी झाली, तिथे कॅल्हून गेला. उपराष्ट्राध्यक्ष सिनेटचं कामकाज चालवतो, पण त्याला चर्चेत बोलता येत नाही. आयात शुल्काच्या वादात त्याला बोलायचं होतं. आणि तो दोन राष्ट्राध्यक्षांचा उपराष्ट्राध्यक्ष होता, अ‍ॅडम्सचा आणि जॅक्सनचा. एकच नाव लिहून मोकळे होऊ नका.

गिरगावकर

प्रस्तावनेत वॉशिंग्टन किंवा जेफर्सन घेणार असाल तर जन्मतारखाही बघून घ्या. इंग्रजी वसाहतींनी नवं कॅलेंडर सप्टेंबर 1752 मध्ये घेतलं, 2 तारखेनंतर एकदम 14. त्याआधी वर्ष 25 मार्चला बदलायचं. म्हणून वॉशिंग्टन जुन्या हिशेबाने 11 फेब्रुवारी 1731, नव्याने 22 फेब्रुवारी 1732. जेफर्सन 2 एप्रिलचा 13 एप्रिल झाला, वर्ष मात्र 1743 च राहिलं, कारण 2 एप्रिल हा 25 मार्चच्या पुढचा. त्याच्या थडग्यावर अजून 2 एप्रिलच कोरलेलं आहे. चूक होते ती आधीच बदललेल्या तारखेत पुन्हा 11 मिळवल्याने. वॉशिंग्टनच्या नावापुढे मार्च दिसला तर तसं झालंय. तुमच्या तिघांना हा त्रास नाही, तिघेही 1777 ते 1782 मधले.