मदत हवी आहे: आल्याचं टिश्यू कल्चर, बाटल्या सारख्या खराब होतायत

कोंबवेडा: निर्जंतुक बाटल्यांत रोपं तयार करायला आल्याचे डोळे लावतोय पण दर बॅच खराब होतेय. मीडिया (बाटलीतलं खाद्य) नेहमीचा एमएसच (मुराशिगे-स्कूग), पीएच 5.8, ऑटोक्लेव्हही (दाबाच्या वाफेने निर्जंतुक करणं) नीट. पटकन नेमका उपाय सांगा, पुढची बॅच लगेच लावायचीय.

मृद्गंध: खराब म्हणजे बुरशी की बॅक्टेरिया? कधी दिसतं? डोळे कशाने निर्जंतुक केले? कंद थेट मातीतून काढलेला का?

बांधावरचा: कशाला एवढा खटाटोप? बेण्याचे 20-25 ग्रॅमचे तुकडे करा, एखाददुसरा ठसठशीत डोळा बघा आणि लावा, झालं काम.

मृद्गंध: @बांधावरचा, अहो बेण्यातूनच तर कंदकूज आणि मर हे रोग पुढे जातात. आल्याला बी धरत नाही, मग निरोगी रोपं आणायची कुठून?

कोंबवेडा: बेण्याचं विचारलंच नाहीये मी! कंद मातीतलाच, धुवून डोळे कापले, ब्लीच, मग निर्जंतुक पाणी. सुरुवातीला एकदम स्वच्छ, कोंबही हिरवा होतो, आणि मग बुडाशी आगरमध्ये (मीडिया घट्ट करणारी जेली) दुधाळ ढग पसरतो.

काचपात्र: ब्लीचने काही होत नाही. 0.1 टक्के मर्क्युरिक क्लोराईड घ्या, आम्ही कायम तेच वापरतो.

मृद्गंध: पारा आहे तो, सांडपाणी कुठे टाकणार? आणि बुडाशी उशिरा दुधाळ दिसतंय म्हणजे बहुतेक बॅक्टेरिया ऊतीच्या आत आहे, वरून काहीही लावलं तरी तिथे पोचत नाही. कंद स्वच्छ धुवून निर्जंतुक कोकोपीटमध्ये उगवू द्या, कोंबावर पाणी पडू देऊ नका. कोवळा कोंब आला की बाहेरची आवरणं एकेक सोलत जा आणि आतलं टोक तेवढं घ्या. कंद मर लागलेल्या प्लॉटमधला असेल तर मात्र आधी बदला.

काचपात्र: टोक जितकं लहान तितकं जगायला अवघड, हे पण सांगा की.

हळदीचंरान: हळदीला हीच पद्धत चालेल का? आणि बीएपी (कोंब फुटवणारं संप्रेरक) किती टाकता?

पानवेल: बीएपी 2-3 मिलिग्रॅम प्रति लिटर बरेच जण घेतात. मुळ्यांसाठी वेगळा मीडिया बहुतेक वेळा लागतच नाही, त्याच बाटलीत सुटतात. पण एक लक्षात ठेवा, टिश्यू कल्चरच्या रोपांना पहिल्या हंगामात कंद बारीक येतात, त्याचंच बेणं करून पुन्हा लावलं की मग पोसतात. हार्डनिंगला (रोपं बाटलीतून काढून बाहेरच्या हवेला सरावताना) ओलावा भरपूर ठेवा, नाहीतर पानं लगेच माना टाकतात.

कोंबवेडा: हार्डनिंगपर्यंत पोचू तर द्या! @मृद्गंध, टोक काढायला मायक्रोस्कोप लागेलच का?

मृद्गंध: अर्ध्या मिलिमीटरचं मेरिस्टेम (कोंबाचं अगदी आतलं वाढणारं टोक) काढायचं तर लागेलच. आधी दोन-तीन मिलिमीटरचं टोक घेऊन बघा, ते नुसत्या डोळ्यांनी जमतं. एका बाटलीत एकच टोक ठेवा, आणि ढग दिसला की ती बाटली न उघडता ऑटोक्लेव्हला.