बीएसडब्ल्यू (समाजकार्याची पदवी) केलेलं नाही, एमएसडब्ल्यूला (त्यातल्याच पदव्युत्तरला) अर्ज करायचाय. नंदुरबार-धुळे-जळगावकडच्यांनी सांगा प्लीज

गोमाईकाठची

नमस्कार मंडळी, मी शहादा तालुक्यातली. यंदा समाजशास्त्र घेऊन बीए झालं, शेवटच्या सेमचा निकाल यायचाय अजून, पण ५८-५९ टक्क्यांच्या आसपास बसेल असं वाटतं. एमएसडब्ल्यू करायचं मनात आहे. आई आशा सेविका आहे, तिची रजिस्टरं भरणं, मोबाईलवर माहिती टाकणं, बाळंतिणींच्या घरभेटीला सोबत जाणं हे मी बारावीपासून करून राहिलीय, त्यातूनच हे डोक्यात आलं. पण घरात याबद्दल कुणालाच काही माहिती नाही आणि कॉलेजमध्ये विचारलं तर सर म्हणे बीएड कर, नोकरी तरी लागेल.

तर विचारायचं असं की बीएसडब्ल्यू नसेल तर चालतं का? आणि आपल्याकडच्याच कॉलेजला जाऊ का मुंबईच्या टिसचा (टाटा समाजविज्ञान संस्थेचा) प्रयत्न करू, कारण इन्स्टावर सगळे टिस टिसच करतात. एका कॉलेजच्या फॉर्ममध्ये ५०० शब्दांत "तुम्हाला समाजकार्य का शिकायचे आहे" ते लिहायला सांगितलंय, त्यात काय लिहितात तेही सांगा, मी दोनदा लिहून खोडलं. पप्पांचा प्रश्न वेगळाच आहे, ते म्हणतात समाजसेवा करायला डिग्री कशाला लागते आणि नंतर पगार कोण देईल. त्यांना काय उत्तर देऊ तेही कुणी सांगितलं तर बरं होईल. ओबीसी आहे, नॉन क्रिमिलेयर काढलेलं आहे.

भुसावळ_पॅसेंजर

बीएसडब्ल्यू लागत नाही ताई, कोणत्याही शाखेची पदवी चालते, माझ्या वर्गात बीकॉमवाले होते आणि एक बीएस्सी केमिस्ट्रीवाला पण होता. बीएसडब्ल्यूवाल्यांना पहिल्या सेममध्ये जरा सोपं जातं कारण त्यांना फील्डवर्क काय असतं ते माहिती असतं, नंतर सगळे सारखेच.

आपल्या विद्यापीठात (म्हणजे आत्ताचं कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ) जळगाव, चोपडा, अमळनेर, धुळ्याजवळ मोराणे आणि तळोदा इथे समाजकार्य महाविद्यालयं आहेत. तुला तर तळोदा हाकेच्या अंतरावर. निकाल लागला की विद्यापीठाच्या साइटवर आणि कॉलेजच्या नोटीस बोर्डावर दोन्हीकडे बघत राहा, व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवरच्या तारखांवर विसंबू नको.

टिसचं म्हणशील तर यंदाची गाडी गेली. आता तिथे एनटीएच्या सीयूईटी पीजी या देशपातळीवरच्या प्रवेश परीक्षेतून जावं लागतं, तिचे फॉर्म डिसेंबर-जानेवारीत निघतात आणि परीक्षा मार्चमध्ये होते. जूनमध्ये विचारून उपयोग नाही.

तोरणमाळचा_वारा

वरच्यांनी बरोबर सांगितलं पण "गाडी गेली" म्हणून विषय संपवू नका हो. मी टिसमधून केलंय, बरीच वर्षं झाली, तेव्हा त्यांची स्वतःची प्रवेश परीक्षा असायची. माझं स्पष्ट मत, एक वर्ष थांब आणि तयारी कर. शेवटच्या वर्षाला असतानाच फॉर्म भरता येतो हे आपल्याकडच्या पोरांना कुणी सांगतच नाही, आणि पदवी हातात पडते तोवर तारीख उलटलेली असते, दरवर्षी हेच बघतोय.

पेपर ७५ प्रश्नांचा असतो, बरोबर उत्तराला ४ मार्क आणि चुकलं की १ कापतात, म्हणून अंदाजपंचे गोळ्या झाडायच्या नाहीत. आणि पेपर इंग्रजी-हिंदीत असतो, मराठीत नाही. आपल्या भागातली मुलं तिथेच दचकतात, खरं तर विषय येत असतो. रोज एक इंग्रजी अग्रलेख वाचायची सवय लावली तर वर्षभरात फरक पडतो. परीक्षेनंतर पुढची निवड संस्था स्वतः करते, त्याचे नियम बदलत असतात, ते त्या वर्षीच्या त्यांच्या सूचनेतूनच वाचायचे.

डिग्रीचं नाव तिथे एमए सोशल वर्क असं असतं, घाबरू नको, नोकरीला चालतं. आणि मुंबईच झेपायला पाहिजे असं नाही, तुळजापूरलाही त्यांचा कॅम्पस आहे, ग्रामीण विकासावर भर आहे तिथे. तुझ्या अनुभवाला ते जास्त जवळचं.

आता महत्त्वाचं. तू म्हणतेस नॉन क्रिमिलेयर आहे. ते राज्याचं आहे का केंद्राचं? केंद्राच्या प्रवेशाला केंद्राच्या नमुन्यातलं ओबीसी प्रमाणपत्र लागतं, राज्याचं चालत नाही. सेतूवर जाऊन तोंडाने सांगावं लागतं की सेंट्रलचं पाहिजे, नाहीतर ते नेहमीचंच काढून हातात देतात. आपल्याकडे व्हीजेएनटीमध्ये असलेल्या बऱ्याच जाती, बंजारा धनगर वगैरे, केंद्राच्या यादीत ओबीसीत येतात, तेव्हा ज्यांना वाटतं आपल्याला तिथे काहीच नाही त्यांनी यादी एकदा उघडून बघा.

जाता जाता, मेधाताई पाटकर पण टिसच्याच, आणि त्यांचं काम उभं राहिलं ते आपल्या अक्राणी-अक्कलकुव्याच्या पाड्यांवर. तेव्हा तिकडे शिकून इकडे काम करता येत नाही असं नाही.

पांझरा_काठ

मी दादांशी सहमत नाही, राग मानू नका. थांबणं मुलांना परवडतं. शहाद्याच्या खेड्यात पदवी झालेली मुलगी वर्षभर घरी दिसली की दोन महिन्यांत पाहुणे यायला लागतात आणि मग कुठली सीयूईटी अन् कुठलं तुळजापूर. पप्पा अजून "पगार कोण देईल" असं विचारून राहिले म्हणजे दार उघडं आहे, त्याच दारातून यंदाच बाहेर पड. आपल्याकडच्या कॉलेजला अ‍ॅडमिशन घे, टिसची परीक्षा तिथे असतानाही देता येते, मन असलं तर.

आणि हे टिस टिस जे चालतं ना, त्यात एक गोष्ट विसरतात. एमएसडब्ल्यूचा जीव फील्डवर्कमध्ये असतो. आठवड्यातले साधारण दोन दिवस तुला संस्थेत नाहीतर वस्तीत पाठवतात, त्याचं रेकॉर्डिंग लिहायचं, सुपरवायझरबरोबर आयसी (एकट्याने चर्चा), ग्रुपबरोबर जीसी (गटचर्चा), वर्षातून ग्रामीण शिबीर, शेवटी ब्लॉक प्लेसमेंट (सलग काही आठवडे एका संस्थेत काम) आणि प्रबंध. हे मनापासून केलंस तर तळोद्यात बसूनही तू तयार होशील, कारण फील्ड म्हणशील तर सातपुडा तिथून दिसतो. कुपोषण, सिकलसेल, ऊसतोडीला गुजरातेत जाणारी कुटुंबं, मुंबईची पोरं यावर पेपर वाचतात आणि आपल्याकडे ते शेजारच्या फळीत (पाड्यात) घडतं. पण मनापासून नाही केलं, घरी बसून रेकॉर्डिंग लिहिलं (लिहितात, सगळ्यांना माहितीये), तर मग डिग्री नुसती कागद आहे.

पप्पांना खरं काय ते सांग. पगार सुरुवातीला कमी असतो आणि बहुतेक जागा कंत्राटी असतात. सिव्हिल हॉस्पिटलमध्ये आयसीटीसीचे (एचआयव्ही तपासणी केंद्राचे) समुपदेशक, अत्याचारग्रस्त महिलांसाठीचं सखी वन स्टॉप सेंटर, जिल्हा बाल संरक्षण कक्ष, बचत गटांचं उमेद अभियान, मग संस्था आणि कंपन्यांचं सीएसआर. कायम नोकरीत समाजसेवा अधीक्षक वैद्यकीय, परिविक्षा अधिकारी, संरक्षण अधिकारी अशी पदं आहेत, जाहिराती कमी निघतात आणि अर्ज ढीगभर येतात. बीएड करून शिक्षक भरतीची वाट बघणारे मात्र त्यांच्याच गावात किती आहेत ते त्यांनाच मोजायला लाव.

गोमाईकाठची

बापरे एवढं सगळं, थँक्यू सगळ्यांना. पाहुण्यांचं वाचून हसू आलं आणि नाही पण आलं, कारण एक येऊन गेलेत ऑलरेडी.

नॉन क्रिमिलेयर राज्याचंच आहे, आत्ता काढून बघितलं. तळोद्याला आणि जळगावला दोन्हीकडे अर्ज करते, जळगावला हॉस्टेलचं बघावं लागेल.

जे लिहिलंय त्याची सुरुवात टाकते, हसू नका:

"लहानपणापासून मला समाजसेवेची आवड आहे. समाजातील गोरगरीब, दीनदुबळ्या व वंचित घटकांचे अश्रू पुसावेत अशी माझी तीव्र इच्छा आहे. माझी आई आशा सेविका असल्याने सेवेचे बाळकडू मला घरातूनच मिळाले. थोर समाजसुधारकांचा आदर्श डोळ्यासमोर ठेवून मी..."

पुढे असंच आहे.

चहा_आणि_जीसी

मी समाजकार्य महाविद्यालयात शिकवते, कुठल्या ते राहू दे. प्रवेशाच्या मुलाखतींना बसते म्हणून लिहितेय.

हसणार नाही, पण हा परिच्छेद मी इतक्या फॉर्मवर वाचलाय की पुढचं वाक्य न बघता सांगू शकते. यात तू कुठेच नाहीस. हाच मजकूर नाशिकच्या मुलाने, लातूरच्या मुलीने, कुणीही सही करून दिला तर चालेल. आणि अश्रू पुसायचे वगैरे लिहिलं की आम्ही मुलाखतीत हमखास विचारतो, कोणाचे आणि कसे, मग मुलं गप्प होतात. समाजकार्यात उपकाराची भाषा बसत नाही, समोरचा माणूस दीनदुबळा आहे असं आपण आधीच ठरवून गेलो तर त्याच्याशी बोलणार काय.

तू पहिल्या पोस्टमध्ये सहज लिहून गेलीस ते बघ. आईबरोबर बाळंतिणींच्या घरभेटीला जाते. आता मला सांग, दवाखान्यात बाळंतपण झालं तर आशाला ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी जायचं असतं. या सगळ्या भेटी खरंच होतात का? कुठली चुकते? दिवाळीनंतर कुटुंब ऊसतोडीला बारडोलीकडे निघून गेलं तर त्या बाळाच्या वजनाचं आणि लसीचं काय होतं, रजिस्टरमध्ये काय लिहितात? सासू बाळाला मध चाटवते तेव्हा आई काय बोलते, आणि ती जे बोलते त्याने फरक पडतो का? याची उत्तरं तुझ्याकडे आहेत, माझ्याकडे नाहीत. तेच लिही.

म्हणजे साधारण असं: एक प्रसंग घे, एकच. काय दिसलं ते लिही, नाव गाव न देता, कारण ती माणसं खरी आहेत आणि त्यांनी तुला परवानगी दिलेली नाही. मग त्यात तुला काय कळलं नाही ते लिही. हे लोक टाळतात, त्यांना वाटतं आपल्याला सगळं येतं असं दाखवायचं, पण शिकायला येणाऱ्याला काहीतरी अडलेलं असायला पाहिजे ना. आईने तीनदा समजावूनही ती बाई बाळाला दवाखान्यात न नेता बडव्याकडे (भगताकडे) का गेली, हा तुझा प्रश्न असेल तर तोच तुझा अर्ज आहे. शेवटी दोन-चार ओळी, या कॉलेजातून काय पाहिजे. तिथे कुठलं स्पेशलायझेशन आहे ते आधी बघून घे, नाहीतर नसलेला विषय मागून बसशील.

प्रमाण भाषा पाहिजे म्हणून जड शब्द आणू नकोस. साधी मराठी लिही, शुद्धलेखन तेवढं कुणाकडून तपासून घे. समाजसुधारकांची यादी नको. सानेगुरुजी अमळनेरला शिकवायला होते हे आम्हाला माहिती आहे, प्रत्येक दुसऱ्या फॉर्मवर असतं.

मुलाखतीला बहुतेक मराठीतच बोलतात आपल्याकडे. वर्तमानपत्र वाचून ये, तालुक्यातलं काय चाललंय ते सांगता आलं पाहिजे. आणि "तुमच्या भागातला एक प्रश्न सांगा" म्हटलं की मुलं बेरोजगारी म्हणतात. तू सरळ ऊसतोडीचं सांग, तुला त्यावर पाचेक मिनिटं बोलता येईल.

सातपुडानी_पोर

कसाले घाबरस ताई, व्हई जाई बठ्ठं. मी धडगावकडची, तळोद्यालाच आहे, दुसऱ्या वर्षाला.

कागदपत्रांचं कुणी नीट लिहिलं नाही म्हणून लिहिते. टीसी, बीएच्या सगळ्या सेमच्या मार्कशीट, जातीचा दाखला, उत्पन्नाचा दाखला तहसीलचा, डोमिसाईल, आधार बँकेला लिंक केलेलं (हे नसेल तर महाडीबीटीची शिष्यवृत्ती अडकते, खात्यात पैसेच येत नाहीत). दुसऱ्या विद्यापीठात गेलीस तर मायग्रेशन. आमच्या एसटीच्या मुलींनी कास्ट व्हॅलिडिटीचं आधीपासून बघा, समिती नंदुरबारला आहे, पण कागद जुळवण्यात वेळ जातो, आजोबाचा शाळेचा दाखला शोधण्यातच पावसाळा जातो.

हॉस्टेलसाठी सरकारी वसतिगृहाचा फॉर्म आधी भरायचा. नंबर नाही लागला तर आमच्यासाठी स्वयं योजना आहे, एससीसाठी स्वाधार, आणि तुझ्यासाठी, ओबीसीला, ज्ञानज्योती सावित्रीबाई फुले आधार योजना. अटी प्रत्येकाच्या वेगळ्या आहेत, तुझ्या योजनेचं जिल्ह्याच्या इतर मागास बहुजन कल्याणच्या ऑफिसात जाऊन विचार, फोनवर कुणी सांगत नाही.

गोमाईकाठची

मॅडम, तुमचं वाचून आईला विचारलं, कुठली भेट चुकते. ती म्हणे २८ आणि ४२ ची, कारण बाई तोवर माहेराहून सासरी गेलेली असते नाहीतर कामावर, आणि दुसऱ्या गावची आशा तिला ओळखतच नाही. मी एवढी वर्षं रजिस्टर भरून राहिली पण हे कधी विचारलं नव्हतं. यावरच लिहू का? थोडं आईच्या कामाची तक्रार केल्यासारखं वाटतंय.

चहा_आणि_जीसी

यावरच लिही. आईची तक्रार कुठे आहे त्यात, बाई एका गावातून दुसऱ्या गावात गेली की तिची नोंद तिच्यामागे जात नाही, हा व्यवस्थेचा प्रश्न आहे आणि तो तुझ्या आईनेच तुला सांगितला. तसंच लिही, आईने सांगितलं म्हणून. फक्त गावाचं आणि उपकेंद्राचं नाव टाकू नकोस.

तोरणमाळचा_वारा

पांझरावाल्या ताईंचा मुद्दा मान्य, पाहुण्यांचा विचार मी केला नव्हता. यंदा इथे अ‍ॅडमिशन घे. पण ते केंद्राचं प्रमाणपत्र तरीही काढून ठेव, आणि राज्याच्या नॉन क्रिमिलेयरवर मुदत बघ, ती ३१ मार्चला संपते. तुझ्यावर कुठल्या वर्षाची तारीख आहे?

गोमाईकाठची

याच वर्षीची होती दादा, संपली 😭 उद्या सकाळी सेतूवर जाते, दोन्ही एकदमच टाकते.